आमदारांचे राखीव आसन रिकामे का?



एसटीच्या गाडीत चढल्यावर आसनांवरील पाट्या एकदा नीट वाचा. स्त्रिया, अपंग व ज्येष्ठ नागरिक यांच्या जागांबरोबरच खासदार व आमदार यांच्यासाठीही आसन राखून ठेवल्याची पाटी कित्येक गाड्यांत आढळेल. त्या आसनावर एखादा आमदार बसलेला तुमच्यापैकी किती जणांनी पाहिला आहे?

‘राखीव’ हा शब्द आपणांस नवा नाही. शाळेतील जागा, नोकरीतील जागा, विधिमंडळातील जागा, या प्रत्येक राखीव जागेवरून आपण पिढ्यान्‌पिढ्या टोमणे ऐकत आलो आहोत. परंतु ज्या राखीव आसनाचे भाडे पडत नाही आणि ज्यावर कोणी बसतही नाही, त्या आसनाविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. ही केवढी विसंगती!

आम्हांस कोणाच्या मोटारीचा हेवा नाही. कष्टाने मिळविलेल्या मोटारीत कोणीही खुशाल बसावे. आमची तक्रार निराळी आहे. जो ज्या वाहनाने जात नाही, त्याला त्या वाहनाचे दुःख कळत नाही. आणि ज्याला ते कळत नाही, त्याच्याच हाती सरकारी थैलीची दोरी आहे.

वाहन हा आपल्या दृष्टीने केवळ सोयीचा प्रश्न नाही. १९०१ साली मसूरच्या स्थानकावर बालवयातील बाबासाहेब, त्यांचे बंधू व भाचे ताटकळत उभे होते. महारांची मुले म्हणून गाडीवान त्यांना घेईनात. अखेर दुप्पट भाडे द्यायचे व गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एक बैलगाडी मिळाली. ज्या समाजाने हे सोसले, त्याला १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर सुरू झालेल्या सरकारी मोटारगाडीचे मोल वेगळे सांगावयास नको. तिकिटावर जात लिहिलेली नसते. पैसे मोजले की पाटलाच्या मुलाशेजारी महाराच्या मुलाला बसता येते. भारतभर मुक्तपणे संचार करण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने दिला. खेड्यातील गरिबाच्या हाती तो हक्क एसटीच्या तिकिटाच्या रूपाने आला.

आज त्या एसटीची स्थिती काय आहे? सुमारे ५० लाख माणसे रोज तिच्यावर विसंबून आहेत. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तुटपुंज्या व अनियमित वेतनाला ते कंटाळले होते. उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर परतण्याचा आदेश दिला, तोवर जवळजवळ सहा महिने लोटले होते. मंत्र्यांच्या मोटारी या सहा महिन्यांत एक दिवस तरी थांबल्या असत्या, तर संप इतका लांबला असता काय?

स्त्रियांना १७ मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्यात प्रवास मिळतो. बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेसाठी मोफत पासही मिळतो. हे चांगले झाले, आणि चांगल्याला चांगले म्हटलेच पाहिजे. परंतु सकाळची फेरी रद्द झाली, तर हातातला पास घेऊन मुलीने काय करावे? फाट्यापासून आपली वस्ती दूर, संध्याकाळची गाडी बेभरवशाची, चार दिवस मुलगी अंधारात घरी आली की पाचव्या दिवशी आई म्हणते, “पुरे झाली शाळा!” फेरी आगाराच्या कागदावर रद्द होते, शिक्षण मात्र आपल्या घरात रद्द होते.

पैसा नाही, असे उत्तर मिळेल. मग ५५ हजार कोटींहून अधिक खर्चाचा समृद्धी महामार्ग कोठून आला? नागपूरपासून मुंबईच्या वेशीपर्यंतचा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झाला. त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. रस्ता नको असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यानंतर चारच दिवसांनी, ९ जून रोजी, मुंब्र्याजवळ गर्दीने ओसंडणाऱ्या लोकल गाड्यांच्या दारांतून माणसे खाली पडली आणि किमान चार जण प्राणास मुकले. लगोलग बंद दारांच्या डब्यांची घोषणा झाली. दार बंद केल्याने गर्दी कमी होत नाही, हे कळण्यासाठी सकाळी एकदा त्या डब्यात उभे राहावे लागते.

छायाचित्रकार बरोबर घेऊन लोकलमध्ये दोन स्थानके जाणारे पुढारी आम्ही पाहिले आहेत. तो प्रवास नव्हे, तमाशा होय. आणि हा दोष केवळ परक्यांचा आहे, अशी समजूत करून घेऊ नका. आपल्याच वस्तीतून, आपल्याच मतांवर राखीव मतदारसंघातून निवडून गेलेला माणूस जेव्हा काळ्या काचांच्या मोटारीतून धूळ उडवीत आपल्या थांब्यावरून निघून जातो, तेव्हा त्याला जाब विचारण्याची लाज कशाला? त्याला जी जागा मिळाली, ती आपल्यासाठी राखलेली होती. त्याच्या मोटारीसाठी नव्हे.

यास्तव केवळ हळहळत बसू नका. गावच्या थांब्यावर कोणती गाडी किती वाजता आली, कोणती आलीच नाही, याची महिनाभर वहीत नोंद ठेवा. शाळेत जाणारी मुले हे काम उत्तम करतील. ती वही ग्रामसभेत वाचून ठराव करा आणि त्याची एक प्रत आगार व्यवस्थापकास व दुसरी आमदारास द्या. मत मागावयास जो कोणी येईल, त्याला एकच प्रश्न विचारा : “गेल्या वर्षात एसटीने किती वेळा प्रवास केलात?” तो गप्प राहिला, तर ती वही त्याच्या हाती द्या.

त्याचे आसन रिकामे आहे. त्यावर तो बसणार नसेल, तर आपली मुलगी शाळेला जाताना खुशाल बसेल. मात्र त्यासाठी गाडी आली पाहिजे. आणि ती आणण्याचे सामर्थ्य तुमच्या मतात आहे.