चेटकिणीची लव्हस्टोरी

मला चेटकिणींच्या प्रेमकथा आवडतात. हं, हसून घ्या. आठवडाभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग काढणाऱ्या आणि शनिवारी एसटीने भोरला येणाऱ्या बाप्याने वाचायची ही पुस्तकं नव्हेत, असं आमच्या मित्रमंडळाचं ठाम मत आहे. असो. त्यांचं मत त्यांच्यापाशी.

तर मुद्दा असा, की रोमान्स आणि जादू यांची भट्टी जमली तर त्यासारखी मजा नाही. फसली तर मात्र पन्नासाव्या पानावर झोप लागते. मग जमते कधी आणि फसते कधी?

सध्या इंग्रजीत या प्रकाराला पूर आलाय. टुमदार गाव, मेणबत्त्यांचं दुकान, काळं मांजर आणि अचानक परत आलेला जुना प्रियकर. एरिन स्टर्लिंगच्या 'द एक्स हेक्स'मध्ये (२०२१) प्रेमभंग झालेली नायिका गमतीगमतीत प्रियकराला शाप देते आणि काही वर्षांनी तो शाप खरा निघतो. एका बैठकीत संपतं, हसवतंही. पण सोमवारी त्यातलं काही आठवत नाही. कारण अशा पुस्तकांत चेटकीण असणं हा नुसता छंद असतो, आपल्याकडे कुणी बोन्साय करतं तसा. शेवटी काही अडलंच तर एक मंत्र म्हटला की काम फत्ते. रिलीजच्या आदल्या रात्री घुसडलेला हार्डकोडेड फिक्सच म्हणा ना!

याउलट अ‍ॅलिस हॉफमनचं 'प्रॅक्टिकल मॅजिक' (१९९५) घ्या. तिथे गावात काहीही वाईट झालं की बोट ओवेन्स घराण्यातल्या बायकांकडेच, आणि हे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. डेबोरा हार्कनेसच्या 'अ डिस्कव्हरी ऑफ विचेस'ची (२०११) नायिका तर ब्रिजेट बिशपच्या वंशातली दाखवलीय. ही ब्रिजेट खरी. १६९२ मध्ये सेलममध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून फासावर गेलेली पहिली बाई. या पुस्तकांत जादूला किंमत आहे आणि गावाची भीती खरी आहे. म्हणून त्यातल्या प्रेमालाही वजन येतं. सगळं गाव जिला चेटकीण म्हणतंय, तिच्या शेजारी उभा राहतो तो हीरो. बाकी चुंबनं कुठल्याही पुस्तकात मिळतात.

आता आपल्याकडे बघू. १८६१ च्या 'मुक्तामाले'पासून मराठी कादंबरी अद्भुतरम्यच होती. नाथमाधवांचं 'वीरधवल' (१९१३) आमच्या आजोबांच्या पिढीने रात्र रात्र जागून वाचलं. पण चेटकीण? आपल्या बहुतेकांना ती भेटते रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'त, चिंची म्हणून. आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि २०१८ मध्ये वैभव मांगलेंनी ती काय धमाल उभी केली! मोठे झालो की नारायण धारपांची 'चेटकीण'. म्हणजे एक तर हसायचं, नाहीतर घाबरायचं. तिच्या प्रेमात पडायची सोय नाही.

आणि खऱ्या आयुष्यात हा शब्द फार महागात पडतो. नंदुरबारकडे सातपुड्यात बाईला डाकीण ठरवून मारहाण केल्याचे, गावाबाहेर काढल्याचे प्रकार घडलेले आहेत. अंनिसने त्यावर तिथे काम केलंय. डॉ. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. एखाद्यावर 'हा करणी करतो' असा शिक्का मारून त्याचं जगणं मुश्किल करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे.

यावर कुणी म्हणेल, मग चेटकिणीच्या गोष्टी लिहूच नयेत, अंधश्रद्धा वाढते. मला नाही पटत. कायद्याने बंदी आहे ती शिक्का मारण्यावर, गोष्ट सांगण्यावर नाही. उलट शिक्का बसलेल्या बाईच्या घरातून गाव कसं दिसतं, हे गोष्टीइतकं चांगलं कोण दाखवणार?

नमुना आपल्याकडे आहे. गोनीदांचं 'जैत रे जैत', ज्यावर जब्बार पटेलांनी १९७७ मध्ये सिनेमा केला. ठाकरवाडीतल्या भगताचा पोर नाग्या, नवऱ्याला सोडून आलेली चिंधी आणि डोंगरावरची ती राणीमाशी. मंत्र आहे, नवस आहे, प्रेम आहे आणि शेवटी चिंधीचा जीव जातो. फुकटात काही मिळत नाही.

आमच्या भागात तर असल्या कादंबरीला सेट लावायचीही गरज नाही. वेल्ह्यात (आता राजगड तालुका म्हणायचं) पावसाळ्यात दहा पावलांपुढचं दिसत नाही. तोरण्यावर मेंगाईच्या देवळात मुक्काम करायचा म्हटलं, की ट्रेकर लोकांपैकी कुणीतरी ब्रह्मपिशाच्चाची गोष्ट काढतोच. गंमत बघा, गडावरचं भूत पुरुष असलं तर त्याची गोष्ट ऐटीत सांगायची. आणि खाली वाडीत एकटी राहणारी, निर्गुडीचा नि दगडीपाल्याचा उपयोग माहीत असलेली म्हातारी असली, तर तिच्या दारावरून पोरांना लगबगीने पुढे न्यायचं.

मला त्या म्हातारीच्या तरुणपणाची लव्हस्टोरी वाचायचीय. तिला खरंच मंत्र येत होते का, हे लेखकाने ठरवावं, माझी हरकत नाही. पण गावाने बोट दाखवलं तेव्हा तिचा तो कुठे उभा होता, हे मात्र टाळून चालणार नाही. कुणी लिहिलीच, तर पहिली प्रत माझी.