‘मेड इन इंग्लंड’चा शिक्का आणि आसनसोलची रॅले

आजचा धागा लांब आहे आणि थोडासा भांडखोरही आहे.

काही दिवसांपूर्वी जुन्या सायकलींच्या हौशी मंडळींत एका तरुणाने आपल्या आजोबांच्या रॅलेचे छायाचित्र दाखवले. काळी उंच फ्रेम, रॉडचे ब्रेक, चेन पूर्ण झाकणारे कव्हर, मागच्या मडगार्डावर पांढरा पट्टा. मुलाने ती रविवारभर बसून पुसली असावी. पहिलाच प्रतिसाद आला: ‘छान आहे, पण ओरिजिनल नव्हे. आसनसोलची दिसते.’ त्याखाली चार-पाच जणांनी माना डोलावल्या. मुलगा पुन्हा काही बोलला नाही.

हा धागा त्या ‘पण’विषयी आहे.

ओरिजिनल म्हणजे काय, हे ठरवण्यापूर्वी ज्या नावांवर आपला इतका जीव जडलेला असतो ती नावे कुठून आली ते पाहू. नॉटिंगहॅम शहरात रॅले नावाचा एक रस्ता होता. त्या रस्त्यावर सायकली बनवणारी एक छोटी कर्मशाळा होती. फ्रँक बाउडन या गृहस्थाने ती विकत घेऊन १८८८ साली कंपनी उभी केली आणि रस्त्याचेच नाव तिला दिले. पुढच्या नळीवरच्या बिल्ल्यातला तो लांब मानेचा बगळा बाउडनच्या घराण्याच्या कुलचिन्हातून आला. हेच बगळे पुढे दातेरी चाकात कोरले गेले. आज संग्राहक ते चाक हातात घेऊन वितळून जातात, आणि त्यांचे काही चुकते असे मी म्हणणार नाही. ते चाक खरोखर सुंदर आहे.

पण नावे इतिहासाच्या साक्षीदारांत सर्वांत कच्ची असतात. स्टर्मी-आर्चरचेच पाहा. मागच्या चाकाच्या हबमध्येच तीन गिअर बसवणारी ही रचना विसाव्या शतकाच्या आरंभी आली आणि जगभर गाजली. हेन्री स्टर्मी हे सायकल व मोटार या विषयांवर लिहिणारे पत्रकार व संपादक. जेम्स आर्चर हे अभियंता. हबवर या दोघांचीच नावे कोरलेली असतात. प्रत्यक्षात जो हब बाजारात आला त्याची कल्पना मुख्यतः विल्यम रायली या तिसऱ्याच माणसाची. रायलीने आधी दोन गिअरचा एक हब तयार केला होता, आणि तो काढणाऱ्या कंपनीशी झालेल्या करारामुळे त्याच्या पुढच्या शोधांवरही तिचाच हक्क पोहोचत होता. म्हणून तीन गिअरच्या हबचे पेटंट त्याचा सहकारी आर्चर याच्या नावे घेतले गेले. ज्याने डोके चालवले तो शिक्क्यात नाही. शंभर वर्षे लोक ‘अस्सल स्टर्मी-आर्चर’ म्हणत आले आणि रायलीचे नाव फक्त संशोधकांना ठाऊक राहिले.

आता दुसरी गंमत. आपल्याकडे जुन्या लोकांत रॅलेवाले आणि हर्क्युलिसवाले असे जणू दोन पंथ असत. घराघरांत वाद होत. हर्क्युलिस आणि फिलिप्स या बर्मिंगहॅमच्या कंपन्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सकडे होत्या. बी.एस.ए.चा सायकलीचा धंदा रॅलेने १९५७ मध्ये घेतला, रज आणि हंबर त्याआधीच रॅलेच्या पंखाखाली आलेल्या. १९६० मध्ये ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स व रॅले एकत्र आल्या. म्हणजे त्या वर्षापासून ओट्यावर बसून भांडणाऱ्या दोन्ही पंथांचे दैवत एकच होते, मूर्ती तेवढ्या निराळ्या.

(बी.एस.ए. म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. मूळ धंदा बंदुकांचा, स्थापना १८६१ ची, म्हणून चिन्हात एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली. ज्या सायकलीवर मास्तर शाळेत जात तिच्यावर रायफली कोरलेल्या होत्या, हे फार थोड्या मास्तरांच्या लक्षात आले असेल.)

आता आपल्या देशाकडे येऊ. ज्या वर्षी बाउडनने रॅले उभी केली त्याच १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढचा नांगराचा, कारखान्याचा आणि किर्लोस्करवाडीचा इतिहास आपण शाळेत वाचतो. त्याची सुरुवात विलायती सायकल विकण्यापासून झाली, हे वाचून पुढे जातो. त्यानंतर कितीतरी दशके भारतातली सायकल म्हणजे बहुतांशी ब्रिटनहून बोटीने आलेली वस्तू होती. देशी प्रयत्न स्वातंत्र्यापूर्वीच सुरू झाले. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. १९४९ मध्ये मुरुगप्पा घराणे व ब्रिटिश ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स यांच्या भागीदारीतून मद्रासमध्ये टी.आय. सायकल्स स्थापन झाली आणि अंबत्तूरच्या कारखान्यातून हर्क्युलिस बाहेर पडू लागली. सोनिपतला १९५१ मध्ये अ‍ॅटलस. फाळणीनंतर लुधियानात आलेल्या मुंजाल बंधूंची हीरो १९५६ ची. आणि पन्नासच्या दशकाच्या प्रारंभी सुधीरकुमार सेन यांनी रॅलेच्या सहकार्याने आसनसोलजवळ कन्यापूरला सेन-रॅलेचा कारखाना उभारला.

म्हणजे आसनसोलची रॅले ही नक्कल नव्हती. रॅलेच्याच सहकार्याने, रॅलेच्याच नावाने ती बनत होती. तिच्या प्रत्येक नळीत नव्या राष्ट्राचे औद्योगिक धोरण आहे, आयातीवरचे निर्बंध आहेत, बंगालमधल्या कामगारांचे हात आहेत. नॉटिंगहॅमच्या सायकलीत या गोष्टी नाहीत. मग भारताचा इतिहास शोधणाऱ्याने यांपैकी कोणती अधिक जपावी?

यापुढची हकीकत कोणी सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. सत्तरच्या दशकापर्यंत वरळीचा हिंद आणि आसनसोलचा सेन-रॅले हे दोन्ही कारखाने डबघाईला आले. १९८० मध्ये संसदेने एकच कायदा करून दोहोंचे राष्ट्रीयीकरण केले. कायद्याच्या नावातच दोन्ही कंपन्यांची नावे आहेत. हिंदची झाली नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, सेन-रॅलेची झाली सायकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया. सरकारने सायकल बनवायला घ्यावी इतकी ती त्या काळी जीवनावश्यक मानली जात होती, ही कल्पनाच आज आपल्याला परकी वाटेल. पुढे दोन्ही बंद पडल्या. आसनसोलला सेन-रॅले हे नाव आता रस्त्याला आणि वस्तीला उरले आहे. रस्त्याच्या नावावरून कंपनी जन्मली होती, आणि कंपनीचे नाव अखेर रस्त्यावर येऊन थांबले.

वरळीत काय उरले? मुंबईच्या गिरण्यांवर पुस्तके झाली, नाटके झाली, चित्रपट झाले. हिंद सायकलीच्या कामगारांवर मला मराठीत एक धड लेख सापडलेला नाही. आणि आपण मात्र बर्मिंगहॅमच्या ब्रुक्स सीटच्या चामड्याला कोणते तेल लावावे यावर रात्ररात्र चर्चा करतो.

कबुली द्यायला हवी: हा अपराध मीही केला आहे. आमच्या घरच्या सायकलीचे मागचे चाक मूळचे नव्हते. कुणा देशी कारखान्याचा साधा हब त्यात होता. माझ्या डोक्यात तेव्हा अस्सलपणाचे वारे शिरलेले. मी महिनोन्महिने शोधून इंग्लंडचा स्टर्मी-आर्चर हब मिळवला, नवे चाक विणून घेतले आणि जुने भंगारवाल्याला दिले. पुढे आजोबांच्या खर्चाच्या वहीत १९६६ सालची एक ओळ सापडली: मागील चाक नवे, हबसह. तो हब कुणाचा होता, वरळीचा की लुधियानाचा, हे आता कळण्याचा मार्ग नाही. चाक गेले आणि वहीतली ती ओळ अर्धी मुकी झाली.

त्याहून वाईट पुढे आहे. स्टर्मी-आर्चरच्या हबवर उत्पादनाचे वर्ष व महिना ठोकलेला असतो. त्यावरून सायकलीचे वय काढण्याची पद्धत आहे. माझ्या हबवर ‘५२’ आहे, फ्रेम त्यानंतरची. उद्या कोणी ही सायकल पाहून तिचा काळ ठरवला तर तो फसेल, आणि त्याला फसवणारा मी असेन. ताम्रपटात स्वतःहून एक ओळ घालणाऱ्याला आपण काय म्हणतो?

तेव्हा माझे मत सरळ आहे. चालत्या सायकलीचा बदललेला प्रत्येक भाग हा तिच्या चरित्राचा भाग आहे. मिळेल ते पायडल, कुठल्याशा जत्रेत घेतलेली घंटी, वेल्डिंगने जोडलेले कॅरिअर, यांना ‘चुकीचे’ म्हणणे म्हणजे वाड्यातली पेशवाईनंतरची प्रत्येक भिंत पाडण्यासारखे आहे. बदलायचे असेल तर बदला, सायकल चालवण्यासाठीच असते. पण काढलेला भाग चिठ्ठी लावून ठेवा.

यावर आक्षेप येईल की देशी भाग हलके होते, मुलामा उडे, छर्रे लवकर झिजत. जुने कारागीर असे सांगतात आणि त्यात तथ्य असेल. परंतु इतिहासाचे साधन निवडताना टिकाऊपणा ही कसोटी नसते. तसे असते तर आपण कागद सोडून फक्त तोफाच जपल्या असत्या.

कारागिरांचा विषय निघाला म्हणून सांगतो. बी.एस.ए.ने सायकली बनवणे कधीच सोडले, पण पायडलचा दांडा जिथे फ्रेममध्ये फिरतो तिथल्या आट्यांचे माप आजही जगभर बी.एस.ए. याच नावाने ओळखले जाते: इंचाला २४ आटे. रॅले मात्र आपल्या सायकलींना २६ आटे पाडत असे. दोन आट्यांचा फरक, पण एकीचा कप दुसरीत बसत नाही. हे ज्ञान आपल्याकडे पुस्तकांत नव्हते, रस्त्याकडेच्या दुकानांतल्या बोटांत होते. त्या दुकानांनी भाषाही घडवली. चाकाचा ‘आऊट’ काढणे हा शब्दप्रयोग तिथला. ओव्हरहॉलिंगचे ‘ओव्हरऑइलिंग’ तिथेच झाले, आणि सगळे छर्रे काढून, रॉकेलने धुऊन, ग्रीस भरून परत बसवणे पाहिलेल्या माणसाला दुसरा शब्द अधिक बरोबर वाटेल.

आणि स्मरणरंजन कुणाचे, हेही विचारले पाहिजे. नगरपालिका आणि ग्रामपंचायती सायकलीवर कर घेत. कर भरल्याचा धातूचा बिल्ला सायकलीला लावावा लागे. बिल्ला नाही, रात्री दिवा नाही, डबल सीट बसवले, या कारणांनी पोलिसाने हवा सोडल्याच्या आठवणी पुण्यातल्या प्रत्येक घरात आहेत. आपण त्या हसत सांगतो. ज्याची रोजी त्या सायकलीवर होती त्याला तेव्हा हसू आले नसावे. घड्याळ, रेडिओ आणि सायकल हे त्रिकूट हुंड्याच्या यादीत वर्षानुवर्षे होते. तुमच्या घरची चकाकणारी रॅले आजोबांनी घेतली होती, की पणजोबांनी मुलीच्या लग्नात कर्ज काढून दिली होती? विचारून पाहा. उत्तर कदाचित आजीकडे असेल, आणि ते सायकलीच्या नोंदीत यायला हवे.

३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, साहिबाबादचा अ‍ॅटलसचा कारखाना बंद झाला. कामगारांना फाटकावरच्या सूचनेतून ते कळले. त्या दिवशी समाजमाध्यमांवर बालपणीच्या आठवणींचा पूर आला होता. त्या पुरात कारखान्याच्या आतले एखादे छायाचित्र मी शोधत होतो. सगळी होती ती अंगणातल्या सायकलींची.

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय आहे. गेला नसाल तर अवश्य जा, आणि बिल्ले व दिवे जिथे मांडले आहेत तिथे सर्वांत जास्त वेळ काढा.

त्या मुलाला मी वेगळा निरोप पाठवला आहे: सायकल आसनसोलची असेल तर उत्तमच, फक्त आता आणखी पुसू नकोस, पुढच्या नळीवरचा बिल्ला जसा आहे तसा राहू दे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी हिंद किंवा सेन-रॅलेची सायकल, पावती, कराचा बिल्ला किंवा तिथे काम केलेले कुणी असेल, तर या धाग्याखाली लिहा. छायाचित्र गंजासकट चालेल.