लेबल नको, शिवण बघा

इंद्रपुरीत वजन उतरवायला निघालेल्यांचे दोन तट आहेत. एक रोज सकाळी काट्यावर उभा राहतो. दुसरा म्हणतो, काटा गेला खड्ड्यात, एक्सएल सुटून एल अंगात बसला की झालं. भेलच्या नोकरीनिमित्त भोपाळला आलेल्या आणि मग इथेच स्थिरावलेल्या आमच्या मराठी घरांत हा दुसरा तट मोठा आहे. त्याची भावना मला कळते. महिनाभर काट्याने रडवलेल्या बाईला सैल झालेला कुर्ता धीर देतो. पण धीर मिळाला म्हणजे पुरावा मिळाला असं नाही.

आधी काटेवाल्यांचं बघू. ‘आकडा खोटं बोलत नाही’ हे त्यांचं म्हणणं अर्धंच खरं. काटा चरबी, स्नायू, पाणी आणि पोटातलं जेवण सगळं एकदम तोलतो. शरीरात साठलेल्या ग्लायकोजेनबरोबर त्याच्या सुमारे तिप्पट पाणी असतं. म्हणून भात-पोळी तोडली की पहिल्या आठवड्यात काटा भराभर उतरतो आणि लग्नाच्या एका पंगतीने पुन्हा चढतो. पाळीच्या आधी अंगात साठणारं पाणी वेगळंच. चरबी या सगळ्यात जागची फारशी हललेली नसते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच जोडफोटो छापला होता. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. आपल्या लोकांची चरबी कुठे दडते हे काट्याला दिसत नाही, याहून ठसठशीत दाखला मला माहीत नाही.

मग लेबलवाल्यांचं खरं? मुळीच नाही. एल म्हणजे किती इंच, हे दुकानागणिक बदलतं. अमेरिकेत १९५८ साली बायकांच्या कपड्यांच्या मापांचं प्रमाण ठरलं होतं, १९८३ साली तेही मागे घेतलं गेलं. गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून तोच नंबर वर्षावर्षाला सैल करत नेण्याची चाल तिथे सर्रास आहे. आपल्याकडे बरेच ब्रँड परदेशी तक्तेच थोडेफार फिरवून वापरत आले. भारतीय अंगाची मापं ठरवायला निफ्टने ‘इंडियासाइझ’ सर्वेक्षण हाती घेतलं, सहा शहरांत पंचवीस हजारांहून अधिक लोकांची थ्रीडी स्कॅनरने मापं घेण्याचं. भोपाळ त्या सहांत नाही. तेव्हा एका दुकानातला एक्सएल सोडून दुसऱ्या दुकानातला एल घेतला, तर बदललं ते दुकान. लेगिंग आणि नाडीची सलवार तर कुणालाही सामावून घेतात, त्यांची साक्ष काढूच नये.

पुरुषांचा युक्तिवाद याहून धोक्याचा आहे. ‘लग्नात चौतीसची पँट होती, आजही चौतीसचीच’ हे अभिमानाने सांगितलं जातं. पँट तीच राहिली, कारण पट्टा पोटाखाली सरकला. डॉक्टर कंबर मोजतात ती शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. भारतीय पुरुषाला तिथे ९० सेंटिमीटरची मर्यादा सांगितली आहे, बाईला ८०. चौतीस इंच म्हणजे ८६. पँटच्या हिशेबाने गृहस्थ सुरक्षित, आणि टेप पोटावरून फिरवली तर शंभर भरायलाही वेळ लागत नाही.

माझं म्हणणं असं की साक्षीदार हवा तो एकच, जुना, मापाने शिवलेला आणि न ताणणारा कपडा. आपल्याकडे तो प्रत्येक कपाटात आहे, अस्तर लावलेला सुती ब्लाउज. तो उलटा करून बघा. बगलेखाली चालू शिवण दिसेल. तिच्या आत, अर्ध्या बोटावर, उसवलेल्या जुन्या टाक्याची बारीक भोकं ओळीने दिसतील, आणि दोन्हींच्या मधलं कापड बाकीच्यापेक्षा गडद, कारण इतकी वर्षं ते उन्हाला लागलंच नव्हतं. बारशाला सोडलेला टाका, मग मुंजीला सोडलेला. शेवटी शिंपी सांगतो, ‘दीदी, अब मार्जिन नहीं बची.’ छाती, कंबर, मुंढा, बाहीचा घेर, सगळा हिशेब या शिवणींत जागच्या जागी लिहिलेला असतो आणि कुठलीही कंपनी तो बदलू शकत नाही.

कापड आटतं, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून बरेचदा धुतलेला ब्लाउज घ्यावा, पंधरा दिवसांनी एकदाच घालावा, शेजारी टेपचं माप वहीत लिहावं आणि काट्यावर आठवड्यातून एकदा उभं राहावं. कंबर जिथल्या तिथे आणि बाह्याच ढिल्या पडत असतील तर जातोय तो बहुधा स्नायू. मग नुसतं चालणं आणि उपास पुरे नाहीत, डाळी, दूध, अंडी आणि वजन उचलण्याचा व्यायाम हवा.

काहीच न करता कपडे ढगळ होऊ लागले, तर मात्र कुणी ‘काय बारीक झालीस गं’ म्हटलं म्हणून हुरळून जाऊ नये. सोबत तहान वाढली असेल, रात्री उठावं लागत असेल, तर साखर तपासावी. छातीत धडधड आणि हाताला कंप असेल तर थायरॉइड, आणि खोकला दोन आठवडे हटत नसेल तर क्षयाची तपासणी. ब्लाउज आत घ्यायला शिंप्याकडे टाकायचा तो हे अहवाल हातात आल्यावर.