मौजेचा केर

काम आणि आनंद यांचे जणू हाडवैर आहे, अशी आपली समजूत झालेली असते. कामाच्या वेळी काम करावे आणि मौज करायची ती सुटीच्या दिवशी, हे लहानपणापासून आपल्या कानांवर पडत आलेले असते. तशीच एक समजूत पर्यावरणाविषयीही आहे. नद्या, वने, हवा यांची काळजी सरकारने आणि शास्त्रज्ञांनी वाहावी. रोज कामावर जाणाऱ्या साध्या माणसाने फार तर ५ जूनला, जागतिक पर्यावरणदिनी, एखादे रोप लावावे, की त्याचे कर्तव्य संपले! या दोन्ही समजुती मला अपुऱ्या वाटतात. कामाच्या जागी आनंद कसा आणावा आणि तेथील नासाडी कशी थांबवावी, या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांच्या जवळच सापडतात, असे माझे मत आहे. ते एका साध्या प्रसंगातून बनले. तो प्रसंग आधी सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी ज्या कार्यालयात नोकरी करीत होतो, तेथे एका ज्येष्ठ सहकाऱ्याचा निरोपसमारंभ झाला. भिंतींवर फुगे लावले होते, थर्माकोल कापून त्यांच्या नावाची अक्षरे केली होती. थर्माकोलच्याच बशांतून बटाटेवडे आणि जिलेबी वाटली गेली. गाण्यांच्या भेंड्या रंगल्या, एकाने वरिष्ठांची हुबेहूब नक्कल केली, सारे पोट धरून हसले. रात्री उशिरा आम्ही घरी गेलो. जाताना दिवे आणि पंखे बंद करण्याचे कोणालाच सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर पोहोचलो. झाडलोट करणाऱ्या मावशी जिन्याजवळ उकिडव्या बसून थर्माकोलचे पांढरे कण वेचीत होत्या. केरसुणी लावावी तर ते कण पुढे पळत, हाताने उचलावे तर बोटांना चिकटून राहत. मला पाहून त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘काल लई मजा झाली जणू, सायेब! केरावरनं कळतंय.’’

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तरीही माझी मान खाली गेली. त्या समारंभाला मावशींना कोणी बोलावले नव्हते. आमच्या आनंदातून त्यांच्या वाट्याला काय आले? फक्त केर! त्या दिवसापासून मौजेची एक कसोटी माझ्या मनात ठरून गेली आहे. जी मौज संपल्यावर तिचे ओझे दुसऱ्याच्या पाठीवर पडते, ती खरी मौज नव्हे.

या कसोटीला उतरणारी मौज असू शकते का, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर आपल्या जुन्या लोकजीवनातच आहे. महाराष्ट्राच्या खेड्यांत इर्जिक नावाची एक पद्धत होती. एखाद्या शेतकऱ्याचे काम मागे पडले, की गावातील इतर शेतकरी आपापली बैलजोडी घेऊन त्याच्या शेतावर जात आणि सर्व मिळून ते काम उरकीत. मजुरी कोणी घेत नसे. शेतमालक सर्वांना जेवू घाली. सामुदायिक कामाच्या वेळी एका सुरात भलरी म्हटली जाई, त्यामुळे श्रमाला ताल मिळे आणि थकवा हलका होई. पळसाच्या पानांच्या पत्रावळींवर जेवण होई. जेवण आटोपल्यावर त्या पत्रावळींची मातीच होऊन जाई. काम, आनंद आणि निसर्गाची काळजी या तीन गोष्टी तेथे वेगवेगळ्या कराव्या लागत नसत.

जुन्या काळातील सारेच चांगले होते, असे मात्र मी म्हणणार नाही. त्याच गावांत जातींप्रमाणे पंगती वेगळ्या बसत, आणि उष्टे उचलण्याचे काम जन्मावरून ठरे. म्हणून इर्जिकीतून सहकार्याचा आनंद घ्यावा. पण केर कोणी उचलावा, हा धडा संत गाडगेबाबांकडून घ्यावा. गाडगेबाबा (१८७६–१९५६) एखाद्या गावात गेले, की हातात खराटा घेऊन गाव झाडू लागत. रात्री त्याच गावात त्यांचे कीर्तन रंगे. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, हसवीत, आणि हसता हसता विचार करायला लावीत. सकाळचा खराटा आणि रात्रीचे कीर्तन ही त्यांच्या दृष्टीने एकच सेवा होती. ‘स्वच्छता राखा’ असा हुकूम त्यांनी दुसऱ्याला सोडला नाही. प्रथम स्वतः वाकून केर काढला. महाराष्ट्र शासनाने आपल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले, ते यथार्थच होय.

आज आपल्या कामाच्या जागा बदलल्या आहेत. आपल्यापैकी कोणी शिवणयंत्रावर बसत असेल, कोणी दुकानात माल मोजत असेल, कोणी कचेरीत कागदपत्रे हाताळत असेल. जागा बदलली, तरी नासाडीचे स्वरूप सगळीकडे सारखेच असते. थोडा हिशेब करून पाहू. छताला टांगलेला जुन्या पद्धतीचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. जेवणाच्या सुटीत रिकाम्या खोलीत असे पाच पंखे तासभर फिरत राहिले, तर ३७५ वॅट-तास वीज वाया जाते. महिन्यातील २५ दिवसांत ती ९ युनिटांहून अधिक होते. गळक्या नळातून दर सेकंदाला एक थेंब पडत असेल आणि चार थेंबांचे एक मिलिलीटर धरले, तर दिवसाकाठी २१ लीटरांहून अधिक पाणी गटारात जाते. थेंबे थेंबे तळे साचते, तसे ते थेंबे थेंबे आटतेही!

यावर कोणी म्हणेल, की यासाठी कायदे आहेतच. ते खरे आहे. १ जुलै २०२२ पासून थर्माकोलची सजावट, तसेच प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या बशा, पेले, चमचे अशा अनेक वस्तूंवर देशभर बंदी आहे. आमचा तो समारंभ आज तसाच केला, तर कायद्याचाच भंग ठरेल. कायदा आवश्यक असतो. परंतु तो वस्तू बदलू शकतो, वृत्ती बदलणे त्याच्या हाती नसते. थर्माकोलचा पेला गेला आणि कागदी पेला आला, तरी दिवसातून चार वेळा चहा पिऊन चार पेले फेकण्याची सवय तशीच राहिली. शिवाय तो पेलाही निव्वळ कागदाचा नसतो. चहा झिरपू नये म्हणून त्याला आतून बहुधा प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो, आणि तो थर कागदापासून वेगळा करणे अवघड जाते.

आपण फेकलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती कोणाच्या तरी हातात जाते, ही गोष्ट आपण विसरतो. पुण्यात कचरा वेचणाऱ्या श्रमिकांनी १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली. ज्यांच्याकडे कोणी मान वर करून पाहत नव्हते, त्या कष्टकऱ्यांचे काम हे समाजोपयोगी काम आहे, हे तिने ठणकावून सांगितले. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा वेगवेगळा देणे नागरिकांवर बंधनकारक केले. आपण उरलेली आमटी कोऱ्या कागदांवर ओततो, तेव्हा विकला जाणारा कागद सडतो आणि वेचणाऱ्याची मिळकत बुडते. फुटलेली काच तशीच टोपलीत टाकतो, तेव्हा कोणाचे तरी बोट कापते. म्हणूनच कचरा वेगळा करणे ही निसर्गाची सेवा तर आहेच, पण त्याआधी ती माणुसकी आहे.

माझ्या मतावर दोन आक्षेप घेतले जातील, याची मला जाणीव आहे. पहिला असा, की मोठमोठे कारखाने धूर ओकत असताना आपण एक पंखा बंद करून काय साधणार? मोठ्यांची जबाबदारी मोठीच आहे आणि ती त्यांच्यावर टाकलीच पाहिजे. परंतु जो स्वतःच्या हातातील बटण बंद करतो, त्यालाच मोठ्याला जाब विचारण्याचे बळ येते. दुसरा आक्षेप असा, की मालक पगार वाढवीत नाहीत आणि त्याऐवजी खेळ व समारंभ पुढे करतात. असे घडते, हे नाकारता येणार नाही. योग्य वेतन, पुरेशी विश्रांती आणि सुरक्षित जागा यांना आनंद हा पर्याय होऊ शकत नाही. वरून लादलेल्या मौजेविषयी मी बोलत नाही. सोबत काम करणाऱ्यांनी आपण होऊन निर्माण केलेल्या आनंदाविषयी बोलतो आहे.

तसा आनंद आमच्या कार्यालयात हळूहळू आला. मावशींचे बोलणे मी चहाच्या वेळी सर्वांना सांगितले. कोणी काही बोलले नाही. परंतु दुसऱ्या दिवशी एकाने घरून स्वतःचा पेला आणला. आठवड्याभरात खिडकीत पेल्यांची रांग लागली. कोणाचा पितळी, कोणाचा चिनी मातीचा, एकाचा तर कान तुटलेला! त्यांवरून रोज थट्टा होऊ लागली. आपला पेला आपणच विसळायचा, हा नियम पहिल्याच दिवशी ठरला. नाहीतर कचऱ्याचे ओझे जाऊन धुण्याचे ओझे मावशींवर पडले असते. मग कोणीतरी विजेच्या मीटरची पैज काढली. महिनाअखेरीस किती युनिट होतील, याचा प्रत्येकाने अंदाज लिहायचा आणि ज्याचा अंदाज सर्वांत जवळचा ठरेल, त्याला इतरांनी चहा पाजायचा. मीटर वाचणे हा खेळ झाला, तसे रिकाम्या खोलीतील पंख्याकडे सर्वांचे लक्ष जाऊ लागले. भिंतीवर लावलेल्या सूचनेने जे वर्षानुवर्षे झाले नव्हते, ते एका पैजेने झाले.

हे फार मोठे परिवर्तन होते, असा माझा दावा नाही. कधी कोणी पंखा विसरे, कधी कोणाचा पेला दोन दिवस तसाच खरकटा पडून राही. पण पुढच्या निरोपसमारंभात केळीच्या पानांवर फराळ वाढला गेला, आणि निमंत्रितांच्या यादीत मावशींचे नाव होते. त्यांनी भेंड्यांत एक जुनी ओवी म्हटली, आणि ‘व’ अक्षरावर आम्हा सर्वांना अडवून धरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडायला फारसे काही उरले नव्हते. खिडकीतील पेल्यांच्या रांगेत एक नवा, निळ्या फुलांचा पेला मात्र आला होता. तो मावशींचा होता.