इराण्याकडची खुर्ची

मुंबईत कयानीत ब्रून-मस्का किंवा ब्रिटानियात बेरी पुलाव मागवून बसलेल्या माणसाचे लक्ष सगळीकडे जाते, फक्त स्वतःच्या खुर्चीकडे जात नाही. कमानीसारखी वाकवलेली पाठ, गोल बैठक, आणि वजन इतके कमी की पोऱ्या एका हाताने दोन उचलतो. हिचे घराणे मात्र थेट व्हिएन्नाचे.

मायकेल थोनेट या जर्मन सुताराने १८५९ मध्ये आपली चौदा नंबरची खुर्ची बाजारात आणली. बीच झाडाचे दांडे वाफेवर मऊ करायचे आणि लोखंडी साच्यात वाकवायचे. वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाऊन चिरते. म्हणून त्या बाजूला पोलादी पट्टी आवळली जाई. सारी करामत या पट्टीत! कोरीव काम नाही, सांधे बसवणारा निष्णात सुतार नाही. सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केल्या तर एक घनमीटर खोक्यात ३६ खुर्च्या मावत. जहाजाने लांब पाठवायला याहून सोयीचे काय असणार? १८६९ मध्ये पेटंट संपले आणि इतर कारखानेही तशाच खुर्च्या काढू लागले. १९३० पर्यंत पाच कोटी खपल्या, असे सांगतात.

पुढे १९२५ मध्ये मार्सेल ब्रॉयरने सायकलच्या हँडलवरून स्फूर्ती घेऊन पोलादी नळीची खुर्ची केली. आधुनिक फर्निचरचा मान तिला मिळतो. पण कारखान्यातून निघालेली, गरीब-श्रीमंत दोघांना परवडणारी खुर्ची थोनेटने साठेक वर्षे आधीच करून दाखवली होती.

इराण्यांना ती पसंत पडली यात नवल नाही. जागा अडत नाही, फरशी झाडायला सोपी, आणि वेताची बैठक मुंबईच्या दमट उन्हाळ्यात घाम धरत नाही. वेत मात्र फाटतो. मग कुणी त्यावर प्लायवूडची तबकडी ठोकते आणि खुर्चीची अर्धी गंमत घालवते.

इराणी हॉटेले बंद पडत गेली तशा या खुर्च्या जुन्या बाजारात आल्या. स्वस्तात घडवलेली वस्तू आता दिवाणखान्यातली शोभा म्हणून महाग विकली जाते. घरात अशी एखादी असेल तर आधी स्क्रू आवळून पाहावेत. बहुतेकदा डुगडुगणे तेवढ्यानेच थांबते. वेत विणणारे मात्र शोधावे लागतात. एकेकाळी सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या अंध कारागीर विणत, नुसत्या बोटांच्या अंदाजाने. कचेऱ्यांत फोमच्या आणि प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि त्यांचे ते काम आटले.