तपासणीचा तुकडा काय सांगतो?

तोंडातील व्रणाचा तुकडा तपासणीसाठी काढला की कर्करोग पसरतो, ही समजूत आपल्या व्यापारी कुटुंबांत अजून टिकून आहे. वस्तुतः रोग पसरण्याचा संभव किती, हे तो तुकडाच सांगतो. पेशींना परस्परांशी बांधून ठेवणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन घटले, तर पेशी सुटून मानेतील ग्रंथींकडे जाण्याची शक्यता वाढते. केआय-६७ वरून पेशींच्या वाढीचा वेग कळतो. तथापि उपचाराचा निर्णय आजही मुख्यतः गाठीचा आकार, तिची खोली आणि मानेतील ग्रंथी यांवरच होतो.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा २०१५ चा अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. प्रारंभीच्या अवस्थेत तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. ग्रंथींत रोग दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते.

तंबाखूविना नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे. म्हणून पेढीवरील सुपारीच्या डबीचा त्याग करण्याचा नियम घ्यावा. आणि दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण लग्नकार्य, हंगाम वा लोकलज्जा यांपायी लपवू नये.