‘ठाऊक आहे’ म्हणण्याचा आग्रह

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत अमेरिकेंतील मॉर्मन पंथाची गोष्ट निघाली असतां एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, “सर, आपल्या धर्मग्रंथांतील गोष्ट खरोखर घडली असें ज्याला वाटत नाहीं, त्यानें त्या मंडळींत रहावें तरी कशाला? ही लबाडी नव्हे काय?” इतक्यांत घंटा झाली आणि उत्तर राहून गेलें. तें येथें देण्याचा प्रयत्न करितों. पालकांनींहि तें वाचावें, कारण असा प्रश्न कोणाच्याहि घरीं उभा राहूं शकतो.

प्रथम हकीकत. जोसेफ स्मिथ नांवाच्या तरुणानें असें सांगितलें कीं, देवदूतानें दाखविलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरील लेखाचें आपण दैवी साहाय्यानें भाषांतर केलें. तें ‘मॉर्मनचें पुस्तक’ १८३० सालीं न्यूयॉर्क राज्यांतील पाल्मायरा गांवीं छापून निघालें. यरुशलेमाहून कांहीं कुटुंबें समुद्र ओलांडून अमेरिकेंत गेलीं, आणि पुनरुत्थानानंतर प्रभु येशूनें त्यांच्या वंशजांस दर्शन दिलें, असा त्यांत वृत्तांत आहे. हें पुस्तक व आणखी दोन ग्रंथ ते लोक पवित्र शास्त्राच्या पंक्तीस बसवितात. आपल्या मंडळ्यांस हें मान्य नाहीं, आणि मलाहि नाहीं. परंतु त्यांच्या मताचा एक विशेष ध्यानांत घेण्याजोगा आहे. देवाचें बोलणें संपलें असें ते मानीत नाहींत. नवा लेख सभेपुढें ठेवितात, आणि सभासद हात वर करून त्यास संमति देतात. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांस याजकपद नाकारणारा निर्बंध १९७८ सालीं उठला, तेव्हां त्या निर्णयाची घोषणाहि ह्याच रीतीनें शास्त्रसंग्रहांत सामील झाली.

आतां अडचण. १८३५ सालीं मिसर देशांतील ममींबरोबर आलेल्या पपायरसाच्या गुंडाळ्या ह्या मंडळीनें विकत घेतल्या, आणि त्यांवरून स्मिथनें ‘अब्राहामाचें पुस्तक’ सिद्ध केलें. त्या गुंडाळ्या १८७१ च्या शिकागोच्या आगींत जळाल्या असा समज होता. परंतु १९६७ सालीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांतून त्यांचे कांहीं तुकडे मंडळीच्या हातीं आले. मिसरी लिपि जाणणाऱ्या पंडितांनीं ते वाचले, तों ते मृतांच्या सोबत ठेवावयाचे मंत्रलेख निघाले. अब्राहामाचें नांवहि त्यांत नव्हतें. तुकड्यांवरील अक्षरें व छापलेलें भाषांतर ह्यांचा मेळ बसत नाहीं, हें मंडळीनें स्वतःच २०१४ सालच्या एका निबंधांत कबूल केलें. ग्रंथ ईश्वरप्रेरित आहे ही श्रद्धा मात्र तिनें सोडली नाहीं.

अशा वेळीं कोणी मंडळी सोडतात. कोणी नवीं समर्थनें शोधतात. आणि कोणी म्हणतात, “हा इतिहास नसेल, पण ह्यानें मला देवाकडे वळविलें, म्हणून माझ्यापुरतें हें शास्त्रच.” माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न ह्या तिसऱ्यांविषयीं होता.

महिन्याच्या पहिल्या रविवारीं मॉर्मन लोक उपास करून जमतात, आणि ज्याला वाटेल तो उठून साक्ष देतो. तेथें ‘मला ठाऊक आहे’ असें म्हणण्याचा प्रघात पडला आहे. ‘मला आशा आहे’ म्हणणाऱ्याचा आवाज साहजिकच बारीक होतो. त्यांच्या मंदिरांत जाण्यास परवाना लागतो, व त्यासाठीं अधिकाऱ्यापुढें आपल्या श्रद्धेविषयींच्या प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागतात. ज्या आईबापांजवळ परवाना नाहीं, त्यांस पोटच्या मुलीचा मंदिरांतील विवाहविधि पाहतां येत नाहीं. त्यांनीं बाहेर थांबावयाचें. पालकहो, क्षणभर त्यांच्या शेजारीं उभे राहून पाहा. एका शब्दानें आंत जातां येत असतां, तो शब्द आपल्या तोंडीं खोटा ठरेल म्हणून जो उच्चारीत नाहीं, त्याला लबाड म्हणावें काय?

मंडळीची बाजूहि आहे. तिच्या व्यासपीठावरून कोणीहि कांहींहि शिकवूं लागला तर मंडळी कसली उरेल? १९९३ च्या सप्टेंबरांत तिनें सहा लेखक-अभ्यासकांवर शिस्तीचा इलाज केला. त्यांतील पांच बहिष्कृत झाले. आपल्या नांवानें काय शिकवावें हें ठरविण्याचा अधिकार मी तिला देतों. परंतु मनांत नसलेली खात्री तोंडून वदवून घेण्याचा अधिकार तिला नाहीं, आणि आमच्या मंडळ्यांसहि नाहीं. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतल्यावरहि आपल्या वडीलधाऱ्या भगिनींशीं मतांविषयीं पत्रांतून निकरानें वाद केला. आज त्यांनीं केलेलें पवित्र शास्त्राचें भाषांतर आम्ही अभिमानानें दाखवितों. ज्यांचा देव अजून बोलतो, त्यांनीं तरी ‘मी अजून ऐकत आहें’ इतकें म्हणण्यास जागा ठेवावी.

तशी जागा एकदां सांपडलीहि होती. स्टर्लिंग मॅकमरिन हे यूटा विद्यापीठांत तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. पुढें केनेडींच्या कारकीर्दींत १९६१ सालीं ते अमेरिकेचे शिक्षण-आयुक्त झाले. मॉर्मनचें पुस्तक हा प्राचीन इतिहास आहे असें ते मानीत नसत, आणि तसें सांगण्यास कचरतहि नसत. १९५४ च्या सुमारास त्यांस बहिष्कृत करण्याची भाषा सुरू झाली. तेव्हां मंडळीचे अध्यक्ष डेव्हिड मॅके ह्यांनीं स्वतः त्यांची भेट घेतली, आणि न्यायसभा बसलीच तर तुमच्या बाजूचा पहिला साक्षीदार मी असेन, असें आश्वासन दिलें. ही हकीकत मॅकमरिन ह्यांनींच पुढें सांगितली आहे. न्यायसभा बसली नाहीं. १९९६ सालीं मृत्यु येईपर्यंत ते सभासदच राहिले.

हा लेख छापखान्याकडे जाण्यापूर्वीं त्या विद्यार्थ्याला दाखविला. त्यानें तो लक्षपूर्वक वाचला आणि विचारलें, “सर, अध्यक्ष तसे नसते तर?” त्याला काय सांगावें तें मला सुचलें नाहीं.